काळोखातला गोतावळा

पनामाचा कालवा १९१४ साली खुला झाला. त्यासाठी चाग्रेस नदी अडवली, दऱ्या बुडाल्या आणि एका डोंगरमाथ्याचे बेट झाले. त्याचे नाव बारो कोलोराडो. १९२३ पासून तेथील रान अभ्यासासाठी राखलेले आहे. त्यात वटवाघळांच्या ७० हून अधिक जाती नांदतात. एवढ्यांचे जमते कसे? उत्तर झाडोऱ्यात आहे. शेंड्यांवरच्या मोकळ्या आभाळात लांब, निमुळत्या पंखांची वटवाघळे वेगाने उडतात. त्यांची साद मोठी, पण आपल्या कानांना न कळणारी. खाली दाट जाळीत आखूड, रुंद पंखांची वटवाघळे जणू कुजबुजत, प्रतिध्वनी ऐकत पानापानांतून वळतात. कुऱ्हाडीने जाळी विरळ केली, की पहिली निभावून नेतात. दुसऱ्यांचे घरच जाते. वाचकहो, दिव्यांच्या या सणात त्या काळोखातल्या गोतावळ्याचीही आठवण असू द्या!