खाजनभूमीचे पाणी : परंपरेचे गणित आणि आजचे गणित

गोमंतकाच्या भूमीचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा देवळे, किल्ले आणि राजवटी यांकडे जाते. मांडवी आणि जुवारी यांच्या काठी, भरतीच्या रेषेखाली पसरलेली खाजने मात्र इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिली जातात. वास्तविक सुमारे १८,००० हेक्टरांची ही भूमी मनुष्याने समुद्रापासून मिळवलेली आहे, आणि ती मिळवण्याची रीत फार जुनी आहे. बांदिवडे येथील, मौर्य राजा अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द येतो. तो ताम्रपट सामान्यतः इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतला मानतात. म्हणजे आज ज्याला आपण खाजन किंवा खाजण म्हणतो, तो शब्द आणि ती वस्तू दोन्ही दीड हजार वर्षांच्या घरातील आहेत.

खाजनाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन कळावयाचे नाही. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांनी बांधलेला बांध खाडीचे पाणी अडवतो. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मारा सोसते. बांधात एके ठिकाणी ‘मानस’ असते. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, आणि ओहोटीस आतील पाण्याची पातळी चढी झाली की उघडतात. मानसीच्या आत ‘पोंय’ नावाचा खोलगट जलाशय असतो. तो पावसाचे पाणी काही काळ सामावून घेतो आणि मासळीलाही आसरा देतो. पावसाळ्यात गोड्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन गेला की कोरगुटासारखे क्षार सोसणारे भात लावावयाचे. कापणीनंतर खारे पाणी बेताने आत घ्यावयाचे. असा हा वर्षाचा क्रम होता.

या क्रमामागे गणितच होते. ते फक्त कागदावर मांडलेले नव्हते. एक उदाहरण घेऊ. ५० हेक्टरांच्या खाजनावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०,००० घनमीटर पाणी साचते. मानसीची दारे दिवसातून दोन ओहोट्यांत मिळून १० तास उघडी राहिली, तर ते पाणी एका दिवसात काढावयास सेकंदाला सुमारे १.४ घनमीटर प्रवाह हवा. तेच दार ८ तासच उघडे राहिले, तर सुमारे १.७ घनमीटर हवा. समुद्राची पातळी चढत असता दार उघडे राहण्याचा काळ घटतो, हे ध्यानी घेतले म्हणजे जुन्या मापाची मानस उद्या अपुरी का पडेल, ते उघड होते. क्षाराचाही हिशेब असाच आहे. समुद्राच्या पाण्यात हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतो. त्याच्या एका भागात पावसाचे सहा भाग मिसळले, तरी हजारी ५ भाग उरतो, आणि भाताच्या सामान्य जातींना तो जाचतो.

आजच्या जलशास्त्राची प्रतिमाने हेच दोन हिशेब, पाण्याचा आणि क्षाराचा, खाडीच्या प्रत्येक तुकड्यासाठी आणि प्रत्येक घटकेसाठी मांडतात. समुद्राजवळच्या जलप्रवाहाचे असे गणित हाताने करण्याचा मोठा प्रयोग हॉलंडमध्ये झाला. भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१८ ते १९२६ या काळात, झायडरझीचे मुख बंद केल्यास भरती किती चढेल, याचा हिशेब केला. धरण १९३२ मध्ये पुरे झाले. गोव्यातील, १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-जुवारीच्या भरतीचा अभ्यास केला. कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडलेल्या या दोन नद्यांत भरती समुद्रापासून सुमारे पन्नास किलोमीटर आतपर्यंत पोहोचते. पावसाळ्यात मात्र गोड्या पाण्याचा लोंढा तिला मागे रेटतो.

परंतु खाजन बिघडते ते केवळ पाण्याच्या गणिताने नव्हे. अफोंसो मेशिया याच्या १५२६च्या फोरालने गावकरीच्या चालीरीती लेखनिविष्ट केल्या. बांध-मानसींची निगा ही गावकरीची जबाबदारी होती, आणि मानसीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने देऊन तिचा खर्च भागवला जाई. १९६४चा कूळकायदा आणि १९७६ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमीन मिळाली. हा न्याय आवश्यकच होता. १९७५च्या नियमांनी बांधांची संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. जेथे संघटना दुबळी राहिली, तेथे निगा कमी झाली. मानस मक्त्याने घेणाऱ्यास मासळी हवी असते, म्हणून खारे पाणी अधिक आत यावे असे त्याला वाटते. शेतकऱ्यास ते नको असते. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी बांध खचल्याच्या तक्रारीही होत्या. बांध फुटला की शेत पडीक होते, तेथे खारफुटी रुजते, आणि ती कायद्याने संरक्षित असते.

म्हणून आज पुनरुज्जीवनाचा विचार करताना पहिला प्रश्न असा पडतो की, खाजन कशाकडे परत न्यावयाचे? भाताकडे, मासळीकडे, की खारफुटीकडे? २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजनांचे रक्षण आणि त्यांच्या व्यवस्थापनाची योजना यांची तरतूद केली. त्या योजनेस प्रतिमान साहाय्य करू शकते. दार किती रुंद असावे, पोंय किती खोल, कोणत्या महिन्यात किती खारे पाणी घ्यावे, हे ते सांगेल. भात राखावयाचे की मासळी, याचा निर्णय ते करू शकत नाही. तो पूर्वी गावकरी करीत असे. आज तो कोणी करावा, हे अद्याप ठरलेले नाही.

या विषयात शिक्षकांना एक काम करता येईल. मानस राखणारे वृद्ध अजून गावोगावी आहेत. तिथीनुसार भरती कशी बदलते, कोणत्या वाऱ्यात दार अडकते, कोणत्या शेतात प्रथम क्षार वर येतो, हे त्यांना ठाऊक आहे. विद्यार्थ्यांकरवी ही माहिती त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवली, तर भाषेच्या अभ्यासकास शब्द मिळतील आणि गणित करणाऱ्यास त्याचे आकडे पडताळून पाहावयास साधन मिळेल.