हाय-डेफिनिशन दूरचित्रवाणी संच

हाय-डेफिनिशन दूरचित्रवाणी संच (संक्षेपाने एचडी टीव्ही) म्हणजे किमान ७२० आडव्या रेषांचे चित्र स्वीकारून ते तितक्याच किंवा अधिक रेषांत दाखवू शकणारा दूरचित्रवाणी संच होय. भारतातील जुन्या पाल पद्धतीच्या चित्रात ५७६ दृश्य रेषा असत. एचडीची प्रचलित स्वरूपे १२८० × ७२० आणि १९२० × १०८० पिक्सेल अशी असून दोन्हींत रुंदी व उंचीचे प्रमाण १६:९ असते. ३८४० × २१६० पिक्सेलच्या चित्रास अल्ट्रा एचडी किंवा ४के म्हणतात. त्यात फुल एचडीच्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात.

इतिहास

जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर अधिक रेषांच्या दूरचित्रवाणीवर संशोधन सुरू केले. त्यातून ११२५ रेषांची 'हाय-व्हिजन' पद्धत निर्माण झाली. तिचे प्रक्षेपण अ‍ॅनालॉग होते. डिजिटल संक्षेपण व्यवहार्य ठरताच ती मागे पडली. अमेरिकेने १९९६ मध्ये डिजिटल प्रक्षेपणाचे मानक स्वीकारले. भारतात दूरदर्शनने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे एचडी प्रक्षेपण केले. स्टार प्रवाह, झी मराठी अशा मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये सुरू झाल्या.

आदान जोडण्या

पडद्यावर किती तपशील दिसेल हे केवळ पडद्यावर अवलंबून नसते. चित्र संचात कोणत्या मार्गाने येते हेही तितकेच महत्त्वाचे असते. पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांपैकी पिवळी तार (काँपोझिट) फक्त जुन्या दर्जाचे चित्र वाहू शकते. त्यामुळे एचडी सेट-टॉप बॉक्स या तारांनी जोडला, तर एचडी वाहिनीचे शुल्क भरूनही फुल एचडी पडद्यावर साधेच चित्र दिसते. तीन तारांची काँपोनंट जोडणी अ‍ॅनालॉग असली तरी एचडी चित्र वाहू शकते.

सध्या सर्वत्र वापरली जाणारी एचडीएमआय जोडणी २००२ च्या अखेरीस आली. ती चित्र व ध्वनी दोन्ही डिजिटल स्वरूपात आणि असंक्षेपित नेते. सेकंदाला ६० चित्रांच्या फुल एचडीसाठी सुमारे ३ गिगाबिट, तर तशाच ४के चित्रासाठी सुमारे १२ गिगाबिट माहिती दर सेकंदाला वाहावी लागते. एचडीएमआय २.० (२०१३) ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट असून २.१ (२०१७) ची ४८ गिगाबिट आहे. एकाच संचावरील सर्व एचडीएमआय खाचा समान क्षमतेच्या असतीलच असे नाही.

या जोडणीसोबत एचडीसीपी ही नक्कल-प्रतिबंधक सांकेतिक व्यवस्थाही आली. तिची झळ सर्वप्रथम एचडी संच घेणाऱ्यांना बसली, कारण त्यांतील अनेक संचांवर केवळ काँपोनंट आदान होते. ब्लू-रेच्या नियमांनी तर अ‍ॅनालॉग जोडणीतून जाणारे चित्र ९६० × ५४० पिक्सेलपर्यंत उतरवण्याची मुभा चित्रपट कंपन्यांना दिली. पडदा सक्षम असूनही चित्र अडवले जाऊ शकते, हे यातून प्रथमच ठळकपणे दिसले.

पडद्याचे तंत्रज्ञान

सुरुवातीचे एचडी संच चित्रनलिकेचे आणि प्रक्षेपक पद्धतीचे होते. पुढे प्लाझ्मा व एलसीडी यांत स्पर्धा झाली आणि २०१३-१४ च्या सुमारास प्लाझ्माचे उत्पादन संपत आले. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागील प्रकाश तो कमी-अधिक प्रमाणात अडवतो. 'एलईडी टीव्ही' म्हणून विकला जाणारा संच बहुधा एलसीडीच असतो, फक्त मागे फ्लुरोसंट नळीऐवजी एलईडी दिवे असतात. ओएलईडी पडद्यातील प्रत्येक पिक्सेल स्वयंप्रकाशी असल्याने काळा भाग खरोखर काळा दिसतो. मात्र वाहिनीच्या बोधचिन्हासारखी स्थिर आकृती दीर्घकाळ राहिल्यास तिचा ठसा उमटण्याचा धोका असतो.

नावांतील संदिग्धता

युरोपातील उत्पादक संघटनेने २००५ मध्ये 'एचडी रेडी' हे चिन्ह आणले. त्यासाठी किमान ७२० रेषांचा पडदा आणि एचडीसीपीसह डिजिटल आदान आवश्यक होते. भारतीय बाजारात या नावाने विकल्या जाणाऱ्या संचांत बहुधा १३६६ × ७६८ पिक्सेलचा पडदा असतो. ही संख्या ७२० किंवा १०८० रेषांच्या कोणत्याही प्रक्षेपणाशी जुळत नसल्याने येणारे प्रत्येक चित्र संचाला लहान-मोठे करून दाखवावे लागते व त्यात थोडा तपशील हरवतो.

फुल एचडी संचातही असे घडू शकते. चित्रनलिकेच्या काळापासून चालत आलेल्या प्रथेनुसार काही संच चित्राच्या कडा किंचित कापून उरलेला भाग ताणतात. सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाचा पर्याय निवडल्यास चित्रातील प्रत्येक पिक्सेल पडद्याच्या एकेका पिक्सेलवर उमटतो.