बाटलीवरील कागदी पट्टी ते मोबाइल : मालवण किनाऱ्यावरील ज्येष्ठांच्या घरगुती औषधव्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वी अनेक पिढ्या येथील तरुण मुंबईच्या गिरण्यांत नोकरीस जात. मिळवता मुलगा मुंबईस व वडीलधारी माणसे गावी, अशी कुटुंबरचना त्यातून रूढ झाली. गिरण्यांचा काळ सरला. स्थलांतर सरले नाही. २००१ च्या जनगणनेतील ८,६८,८२५ ही जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ पर्यंत घटली. अशा जिल्ह्यात मागे राहिलेल्या ज्येष्ठांची औषधे कोण आणि कशाच्या साहाय्याने सांभाळतो, हा इतिहासाच्या अभ्यासकाचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या साधनांच्या स्थित्यंतराचा आढावा घेतला आहे.

कंपाउंडरची बाटली :
तयार गोळ्यांचा प्रसार होण्यापूर्वी दवाखान्यातील कंपाउंडर औषधांचे मिश्रण बाटलीत भरून देत असे. बाटलीच्या अंगावर कात्रीने खाचा पाडलेली कागदी पट्टी डकवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. निरक्षर वृद्धेसही हे कळत असे. शिवाय डोस घेतला की चुकला, हे घरातील सुनेला बाटलीवर नजर टाकताच समजे. सूचना आणि नोंद अशी दोन्ही कामे एकच वस्तू करीत होती.

गोळ्यांची पट्टी :
रक्तदाब व मधुमेहावरील गोळ्यांमुळे औषध चार दिवसांचे न राहता आयुष्यभराचे झाले. मात्र गोळ्यांच्या पट्टीवरील मजकूर बारीक व प्रामुख्याने इंग्रजी. पट्टी कापून दिली तर नावही अर्धेच उरते. औषधविक्रेत्याने पाकिटावर लिहिलेले '१-०-१' हेच काय ते मार्गदर्शन. ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत डेव्हिड वॅग्नर यांनी पत्नीची संततिनियमनाची गोळी चुकू नये म्हणून १९६२ मध्ये वारांनुसार मांडणी असलेली डबी तयार केली. परंतु तेथे औषध एकच होते. ज्येष्ठांच्या घरी चार-पाच पट्ट्या एकत्र नांदतात.

प्रस्तुत लेखकाच्या मालवण तालुक्यातील घरी आजी जुन्या व नव्या अशा दोन्ही चिठ्ठ्यांवरील गोळ्या घेत राहिली. नावे वेगळी, रक्तदाबाचे औषध मात्र एकच. ती चक्कर येऊन पडवीत पडली. वयाचा दोष म्हणून सर्वांनी ते सोडून दिले. गणेशचतुर्थीस आलेल्या चाकरमानी काकांनी बिस्किटांचा डबा रिकामा केला, तेव्हा उलगडा झाला.

दूरध्वनी ते मोबाइल :
दूरध्वनीमुळे मुंबईहून रोज विचारपूस शक्य झाली. तथापि 'गोळी घेतली' हे उत्तर म्हणजे नोंद नव्हे. राज्य शासनाच्या दूरवैद्यक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात सिंधुदुर्गचे जिल्हा रुग्णालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी जोडले गेले. एप्रिल २०२० पासून ई-संजीवनीद्वारे घरबसल्या सल्ला व औषधचिठ्ठी मिळू लागली. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर संकेत बंधनकारक झाला. त्यातून निर्माता, बॅच व मुदत कळते. आज सकाळची गोळी घेतली की नाही, हे कळत नाही.

त्या दृष्टीने क्षयरोग कार्यक्रमात २०१५ पासून वापरात आलेली '९९ डॉट्स' पद्धत उल्लेखनीय आहे. गोळी बाहेर काढल्यावर तिच्यामागे दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो. रुग्णाने त्यावर विनामूल्य फोन केला की नोंद होते. साध्या मोबाइलवरही हे साधते. अर्थात फोन केला म्हणजे गोळी पोटात गेलीच, असे तीही सिद्ध करू शकत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, तंत्रज्ञान डॉक्टरांचा सल्ला घरापर्यंत पोहोचविण्यात यशस्वी झाले. कागदी पट्टी घरातल्या घरात देत असलेली नोंद मात्र मागे पडली. वारांच्या कप्प्यांची डबी ती काही अंशी परत आणू शकते. परंतु ती भरताना जुन्या-नव्या चिठ्ठ्या डॉक्टरांकडून वा औषधविक्रेत्याकडून ताडून घेणे आवश्यक आहे. रोज सायंकाळी शेजाऱ्याने त्या डबीचे छायाचित्र मुंबईस पाठविले, तर मोबाइल खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. कंपाउंडरच्या बाटलीजवळ पाहणारे कोणीतरी होते. आजच्या साधनाजवळही ते असले पाहिजे.