घाटावरची उर्दू, घाटाखालची इंग्रजी

कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव येते. 1948 पूर्वी हा घाट म्हणजे सरहद्दच होती. वर कन्नड निजामाच्या राज्यात, खाली चाळीसगाव ब्रिटिशांच्या खानदेशात. दोन्हीकडे मराठी बोलली जाई. परंतु शिक्षण पुढे चालू ठेवायचे तर खाली इंग्रजीशी गाठ पडे आणि वर उर्दूशी. हैदराबादला 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते.

लिंगाच्या बाबतीत या दोन मुलांपुढची अडचण मात्र सारखी नव्हती. इंग्रजीत खुर्चीला ‘शी’ म्हणायचे नाही, एवढे कळले की बरेचसे काम झाले. उर्दूत लिंगे दोन आणि मराठीत तीन. मग मराठीतल्या नपुंसकलिंगी शब्दांनी जायचे कोठे?

मूल याचे उत्तर मातृभाषेतूनच काढते. ‘तो’ आणि ‘ते’ या दोन्हींचे रूप ‘त्याला’, ‘त्याने’ असेच होते. म्हणजे नपुंसकलिंग पुल्लिंगाच्या जवळचे! घर, पाणी, दूध, शहर या शब्दांत हा अंदाज बरोबर ठरतो. पण नाक, दुकान, सरकार हे शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहेत. तेथे ‘दुकान खुला है’ असे वाक्य तयार होते. ‘मजा’ आपल्याकडे स्त्रीलिंगी, उर्दूत पुल्लिंगी. म्हणून ‘मजा आयी’. गंमत अशी, की दुकान आणि सरकार हे शब्द फारसीतून आलेले, आणि फारसीत व्याकरणिक लिंगच नाही. दोन्ही भाषांनी आपापल्या परीने ते चिकटवले.

उर्दूभाषक मूल मराठी शिकते तेव्हा अडचण उलटी होते. त्याला एका पुल्लिंगाचे दोन भाग करावे लागतात. म्हणून ते ‘पाणी आला’ म्हणते.

सबूरिन, स्टो आणि द हान यांनी डच शिकणाऱ्यांची पाहणी करून 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डचशी मिळतीजुळती लिंगव्यवस्था असलेले जर्मनभाषक सर्वांत पुढे होते. त्यानंतर फ्रेंचसारख्या रोमान्स भाषा बोलणारे, आणि शेवटी इंग्रजीभाषक. म्हणजे मातृभाषा मदतही करते आणि चकवतेही.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली, पुढे घाटावरची सरहद्दही पुसली गेली. पण आजही हिंदीच्या तासाला मराठी मूल आणि मराठीच्या तासाला उर्दूभाषक मूल त्याच जागी अडखळते. आपण त्याला निष्काळजी म्हणतो, गुण कापतो. वास्तविक त्याने एक नियम शोधलेला असतो. तो फक्त दुसऱ्या भाषेचा असतो. लाल रेघ मारण्यापूर्वी दोन्ही भाषांतले शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहा. कोणते जुळतात आणि कोणते फसवतात, हे मुलेच शोधून काढतील.