काडतुसाचे पितळी कवच
काडतुसाचे पितळी कवच : दारू, गोळी व प्रज्वालक एकत्र धरणारे, पुन्हा भरता येणारे आवरण. मे 1818 मध्ये महाडजवळील रायगड इंग्रजांच्या हाती गेला, तो काळ ठासणीच्या बंदुकांचा होता. त्यांना असे कवच लागत नसे. पितळी काडतुसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

वापरलेले कवच पुन्हा भरण्यापूर्वी त्यावरील काजळी व हिरवट थर काढावा लागतो. चिंचेने पितळी भांडी उजळतात, त्याच तत्त्वानुसार सौम्य आम्लाने कवच धुऊन वाळवितात. अमोनियायुक्त द्रव मात्र वर्ज्य असतो. या दोषाचा अनुभव भारतातच आला. पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेल्या ब्रिटिश फौजेच्या काडतुसांना तडे जात. दमट हवा, घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया आणि घडणीच्या वेळी पितळात राहिलेला ताण यांचा तो संयुक्त परिणाम होय, असे 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी दाखविले. कवच तापवून ताण घालविणे, हा त्यावरील उपाय ठरला. तडा गेलेले कवच बार उडताना फुटू शकते. म्हणून उजळलेले कवच निर्दोष असेलच असे नाही. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे.