छावणीचं गाव

उत्तर चीनमधल्या ऑर्दोस या शहरी जायचं ठरवतोय, असं मी सांगितलं की मित्र विचारतात, तिथं आहे काय? गवत आहे, वाळू आहे, दगडी कोळसा आहे आणि चंगीझखानाची एक कबर आहे, जिच्यात चंगीझखान नाही. एवढ्यासाठी कुणी पदरमोड करून जात नाही, हे मलाही कळतं. पण मला ओढ लागली आहे ती त्या गावाच्या नावाची.

मंगोल भाषेत 'ओर्दो' म्हणजे खानाचा तंबू, त्याची छावणी, त्याचा राजवाडा. 'ऑर्दोस' हे त्याचं अनेकवचन. तुर्कीत हाच शब्द 'ओर्दू' होतो. दिल्लीच्या बादशाही छावणीची भाषा ती 'ज़बान-ए-उर्दू-ए-मुअल्ला'. पुढे आगापिछा गळून नुसती उर्दू राहिली. मी कविता मराठीत लिहितो, पण लहानपणी घरात बोलणी खाल्ली ती उर्दूत. त्या भाषेच्या नावाचं सख्खं भावंड पिवळ्या नदीच्या काठी नांदतं आहे, हे कळल्यावर स्वस्थ बसवत नाही. 'खान' हे बिरुदही त्याच गवताळ मुलखातून आलेलं. चंगीझ मुसलमान नव्हता, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं, त्यात खान आडनावाचेही आले. आणि 'मोगल' हे तर 'मंगोल'चंच फारसी रूप. आपल्या मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत. गंमत अशी, की खुद्द बाबर स्वतःला तैमूरचा वंशज म्हणवी. आईकडून तो चंगीझच्या कुळातला, पण आत्मचरित्रात मंगोलांविषयी त्यानं बरं असं फारसं लिहिलेलं नाही.

नकाशा उघडला की पिवळी नदी उत्तरेकडे चढते, पूर्वेला वळते आणि पुन्हा दक्षिणेला उतरते. घोड्याच्या नालेसारख्या या वळणाच्या पोटात ऑर्दोसचं पठार आहे. बीजिंगहून इनर मंगोलियाची राजधानी होहोत इथं जाणारी वेगवान रेल्वे 2019 च्या अखेरीस सुरू झाली. तिथून नदी ओलांडून दक्षिणेला यायचं. प्रवासाचं इतकंच. खरी अडचण आहे ती तिथं पोचल्यावर पाहायचं काय, याची.

चंगीझखान 1227 साली तांगुत राज्यावरच्या मोहिमेत वारला. त्याला कुठं पुरलं ते आजतागायत सापडलेलं नाही. दंतकथा सांगते, की या पठारावरून जाताना त्याच्या हातून चाबूक गळून पडला आणि तो म्हणाला, मला इथंच पुरा. देह नव्हता, म्हणून लोकांनी त्याच्या वस्तू जपल्या, आणि त्याही इमारतीत नव्हे, तंबूत. 'आठ पांढरे तंबू' हेच त्याचं देवस्थान. ते गाड्यांवर चढवून हलवता येई. दारखाद नावाच्या मंगोलांकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण होती. त्याबद्दल त्यांना कर माफ आणि सैन्यातली चाकरीही माफ. आपल्याकडच्या दर्ग्यांचे मुजावर किंवा देवळांचे गुरव यांच्यासारखंच हे वतन.

विसाव्या शतकात या तंबूंनी जी वणवण केली तिला तोड नाही. 1939 साली जपानी फौजा जवळ आल्या, तेव्हा ते उचलून दूर कान्सू प्रांतातल्या डोंगरात नेले. वाटेत येनानला कम्युनिस्टांनीही त्यांचं समारंभानं स्वागत केलं. तो खान आता जपान्यांविरुद्धच्या लढ्याचा वीर झाला होता! 1949 मध्ये तेच कम्युनिस्ट विजयी होत जवळ आले, तेव्हा तंबू आणखी पश्चिमेला, छिंघाय प्रांतातल्या कुंबुमच्या बौद्ध मठात गेले. 1954 मध्ये नव्या सरकारनं ते परत आणले आणि 1956 पर्यंत तीन घुमटांची पक्की वास्तू उभी केली. पुढच्याच दशकात सांस्कृतिक क्रांतीच्या पोरांनी आतल्या वस्तूंची नासधूस केली. आज जे दिसतं ते बरंचसं नव्यानं घडवलेलं. सातशे वर्षं जे चाकांवर टिकलं, ते भिंतींत आल्यावर दहा-बारा वर्षंच सुखरूप राहिलं.

तुम्ही म्हणाल, मुसलमान माणूस या देवस्थानी कसा जाणार? प्रश्न रास्त आहे. 1258 साली बगदाद बुडवलं ते चंगीझचा नातू हुलागूनं. खलिफा मारला गेला आणि शेख सादींनी त्या शहरावर शोकगीत लिहिलं. ते ओझं मी खांद्यावरून उतरवून ठेवणार नाही. पण याच हुलागूचा पणतू गाझान 1295 मध्ये इराणच्या तख्तावर बसताना मुसलमान झाला होता, हेही माझ्या पिशवीत असेल.

आजचं ऑर्दोस हे कोळशाच्या पैशावर उभं राहिलेलं. कांगबाशी हा त्याचा नवा भाग 2004 च्या सुमारास वसवायला घेतला. प्रचंड चौक, प्रचंड पुतळे आणि माणसं मात्र नाहीत, म्हणून जगभरच्या पत्रकारांनी त्याला 'भुतांचं शहर' म्हटलं. आता तिथं लाखावर वस्ती आहे. ज्यांच्या नावानं हे सारं, ते मंगोल मात्र शहरात साधारण दहात एक. 1980 च्या दशकात कुरणं कुटुंबागणिक वाटली गेली आणि तारेची कुंपणं आली. 2000 नंतर गवत वाचवायचं म्हणून चराईवर बंदी आली आणि मेंढपाळांना पक्क्या घरांत बसवण्यात आलं. गवत खरोखर कमी होत होतं, ही सबब खोटी नव्हती. पण कळपामागं फिरणं बंद झालं की त्या फिरण्याचे शब्दही जातात. 2020 साली इनर मंगोलियातल्या मंगोल शाळांत काही विषय चिनीतून शिकवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा पुष्कळ आईबापांनी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. हुकूम टिकला. वरून खाली लिहायची मंगोल लिपी उइगुर आणि सोग्दी लिप्यांमार्फत अरामीपर्यंत पोचते, म्हणजे उर्दूच्या लिपीची ती लांबची चुलतबहीण. पाट्यांवर ती अजून दिसते. मुलांच्या वह्यांत किती दिसते, ते मला पाहायचं आहे.

राहता राहिला मुहूर्त. प्रवासी कंपन्या जुलै-ऑगस्ट सुचवतात. तेव्हा गवत हिरवं असतं, कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यतींचा 'नादाम' असतो, पर्यटकांसाठी तंबू थाटलेले असतात. पण देवस्थानचा मोठा उत्सव असतो चांद्र वर्षाच्या तिसऱ्या महिन्याच्या एकविसाव्या दिवशी, म्हणजे आपल्याकडच्या चैत्र किंवा वैशाख वद्य षष्ठीच्या आसपास. त्या दिवशी घोडीच्या दुधाचा आभाळाकडे शिडकावा करतात. गवत तेव्हा पिवळंच, आणि वारा बोचरा. मी एप्रिल नक्की केला आहे. एक जाड स्वेटर आणि मीठ घातलेला दुधाचा चहा पिण्याची थोडी सवय, एवढी तयारी अजून बाकी आहे.