तपासणीपुरता शुद्ध धूर

शाळातपासनीस आले की उनाड पोरेही मांडी घालून बसतात, हे आम्हां मास्तरांना नवे नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी तेच करीत. तपासणी चालू आहे हे त्यांतली यंत्रणा ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर शुद्ध ठेवी. रस्त्यावर मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ही लबाडी चव्हाट्यावर आणली. जगभर अशा मोटारी सुमारे १ कोटी १० लाख.

आणि मालक? त्या बिचाऱ्यांनी 'स्वच्छ डिझेल' म्हणून हौसेने पैसे मोजलेले! अमेरिकेत २०१६ च्या तडजोडीने कंपनीला गाड्या परत घ्याव्या लागल्या, त्याही बोभाट्यापूर्वीच्या भावाने. वर बहुतेकांना निदान ५,१०० डॉलर.

कंपनीच्या माहेरी, जर्मनीत, मात्र मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागली. एका गृहस्थाने २०१४ साली ३१,४९० युरोंना जुनी शारान घेतली होती. २५ मे २०२० रोजी कार्लस्रूहेच्या संघीय न्यायालयाने फसवणूक मान्य केली. पण गाडी वापरल्याबद्दल पैसे कापून पदरात पडले सुमारे २५,६०० युरो. फसवणाऱ्यानेच भाडे वसूल करावे, हा न्याय मला तरी पचत नाही. जुलैत त्याच न्यायालयाने आणखी ठरवले, की ज्याची गाडी फार धावली, त्याची भरपाई शून्यावरही येऊ शकते.